'एनियननं बनवलं' म्हणजे नक्की काय बनवलं?

रोमन काचेच्या काही भांड्यांवर एका माणसाचं नाव आहे: एनियन. भांडी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. नाव ग्रीक लिपीत, भांड्याच्या अंगावर, छोट्या चौकटीत, उठावाच्या अक्षरांत. 'एन्निओन एपोइएइ', म्हणजे 'एनियननं बनवलं'. काही पेल्यांवर दुसऱ्या बाजूलाही तशीच चौकट आहे आणि तिच्यात लिहिलंय, 'विकत घेणाऱ्याची आठवण राहो'.

दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर असा नावानिशी समोर आला की कुणालाही भुरळ पडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१४-१५ मध्ये या एका नावाभोवती अख्खं प्रदर्शन भरवलं. क्रिस्टोफर लाइटफुट यांनी ते उभं केलं, आणि शीर्षकातच एनियनला रोमन काचेचा उस्ताद म्हटलं होतं. जगभर विखुरलेली त्याची भांडी त्यानिमित्तानं शेजारीशेजारी आली, हे मोठंच काम झालं. कारण साच्याच्या भांड्यांचा अभ्यास मुळात तुलनेवर चालतो.

पण आज मला बोलायचंय ते या नावाभोवती रचल्या गेलेल्या कथेबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. विषय काचेचा नसेल, हरकत नाही. एका ओळीच्या लेबलात किती वेगवेगळ्या दर्जाची माहिती एकाच आवाजात बोलते, हे दाखवायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मिळणं अवघड.

नमुन्यादाखल असं एक लेबल धरू (हे मी तयार केलंय, खऱ्या लेबलांत शब्द थोडे मागंपुढं होतात):

'दोन कानांचा पेला. साच्यात फुंकलेली काच. इ.स. पहिल्या शतकाचा पूर्वार्ध. एनियन. सिदोन.'

तंत्र, काळ, नाव, ठिकाण: हे चार दावे आहेत. वाचताना चारही सारखेच पक्के वाटतात. एकेक तपासू.

तंत्र: इथं भांडंच साक्षीदार

काच फुंकण्याची युक्ती निघाली भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, इ.स.पूर्व पहिल्या शतकात. जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या यहुदी वसाहतीच्या उत्खननात काच-कारखान्याचा टाकाऊ माल सापडला, त्यात फुंकून फुगवलेल्या काचेच्या नळ्यांचे तुकडे होते. त्या शतकाच्या मध्याच्या आसपासची ही गोष्ट. पुढच्या काही दशकांत कुणीतरी फुगवलेला गरम गोळा मोकळ्या हवेत न ठेवता साच्यात सोडला. आत फुंक मारली, काच साच्याच्या भिंतीला टेकली, आणि साच्यावरची वेलबुट्टी, खोबणी, अक्षरं सगळी एका फुंकेत भांड्यावर उमटली.

हे झालं कसं, ते भांडंच सांगतं. साचा दोन, तीन किंवा चार भागांचा असतो. भाग जिथं जुळतात तिथं काचेवर बारीक रेघ उठते. तिला सांध्याची रेघ म्हणू. एनियनच्या भांड्यांत ही रेघ नक्षीच्या उभ्या ओळींत इतकी सफाईनं लपवलेली असते की शोधावी लागते. ती सापडली की साचा किती भागांचा होता ते मोजता येतं. उठाव धारदार आहे की बोथट, यावरूनही काही कळतं. बोथट असेल तर साचा झिजलेला असेल, काच टेकण्याआधी जास्त थंड झालेली असेल, किंवा तयार भांड्यावरून नवा साचा काढलेला असेल. भांड्यावरून काढलेल्या मातीच्या साच्यात नक्षी मऊ होते आणि माती सुकताना-भाजताना आकसते, त्यामुळं त्यातून निघालेलं भांडं मूळापेक्षा थोडं लहान भरतं. म्हणजे दोन भांडी 'सारखी दिसतात' एवढं म्हणून भागत नाही. मोजपट्टी लावावी लागते.

साच्यातून निघाल्यावरही काम उरतंच. काठ कापून घासायचा, तळ बसवायचा, कान लावायचे. हे सगळं हातानं. साच्यातून आलेल्या अंगाला एक कान लावला तर सुरई होईल, दोन लावले तर दुसरंच भांडं.

एवढं सगळं वस्तू हातात घेऊन, भिंगाखाली धरून पडताळता येतं. मॅरिएन स्टर्न यांनी टोलेडो संग्रहालयाच्या साच्याच्या काचेवर १९९५ साली काढलेला ग्रंथ याच शिस्तीसाठी वाचावा. भांडं कसं झालं ते आधी बघायचं, कुणी आणि कुठं केलं ते मग. लेबलातला 'साच्यात फुंकलेली काच' हा भाग म्हणूनच सगळ्यात भक्कम.

काळ: एक टोक पक्कं, दुसरं अंदाजानं

पुरातत्त्वात तारीख बहुतेकदा वस्तूच्या अंगात नसते, ती ज्या थरात सापडली त्या थरात असते. याच जेरुसलेमच्या यहुदी वसाहतीत एनियनच्या नावाचं एक भांडं सापडलं आणि याएल इस्राएली यांनी १९८३ साली त्यावर लेख लिहिला. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं ते शहर उद्ध्वस्त केलं. त्या विध्वंसाच्या राखेत जे गाडलं गेलं ते ७० च्या आधी घडलेलं असणार. पाँपेईचंही तसंच, तिथं ७९ साली ज्वालामुखीनं रेघ मारून ठेवलीय.

पण नीट बघा, यातून एकच टोक मिळतं, नंतरचं. वस्तू कधी गाडली गेली ते कळतं. घडली कधी, याचं उत्तर 'त्याआधी' एवढंच. घरातलं चांगलं भांडं माणसं चाळीस-चाळीस वर्षं जपतात. 'पूर्वार्ध' हा शब्द येतो तो बऱ्याच ठिकाणच्या थरांची, शैलीची आणि सोबत सापडलेल्या मातीच्या भांड्यांची सांगड घालून. ही सांगड चांगली आहे, पण तिचा दर्जा सांध्याच्या रेघेचा नाही.

आणि यातली खरी अडचण पुढं आहे. संग्रहालयांतली अखंड, देखणी भांडी बरीचशी बाजारातून आलेली. कबरी उकरल्या गेल्या, माल व्यापाऱ्याकडं गेला, तिथून संग्राहकाकडं, तिथून काचेच्या कपाटात. त्यांच्या नोंदीत सापडल्याचं ठिकाण असतं ते 'अमुक गावचं असल्याचं सांगितलं जातं' अशा भाषेत. सांगितलं कुणी? बहुधा विकणाऱ्यानं. त्याला जे नाव लिहून किंमत वाढत होती ते त्यानं सांगितलं असण्याची शक्यता तुम्ही विसरायची नाही. उत्खननातला आगीत वाकडा झालेला तुकडा दिसायला काहीच नसतो, पण त्याला थर आहे, तारीख आहे, शेजारी आहेत. अभ्यासासाठी तो तुकडा अखंड पेल्याहून मोलाचा. थीसिसमध्ये देखण्या भांड्याचा फोटो मुखपृष्ठावर खुशाल घाला. युक्तिवाद मात्र तुकड्यांवर उभा करा.

नाव: क्रियापदाचा कर्ता कोण?

आपल्याकडं भांड्यावर नाव घातलेलं असलं तर ते बनवणाऱ्याचं नसतं. ज्याचं भांडं त्याचं, किंवा लग्नात ज्यानं आहेर केला त्याचं असतं. बोहारणीला जुनी कळशी देताना ते नाव वाचून कुणी 'हे कासार दिसतात' म्हणत नाही. भांड्यावरच्या नावाचा भांड्याशी नक्की काय संबंध, हे नुसत्या नावावरून कळत नाही, हे आपल्याला न शिकवता ठाऊक असतं.

एनियनच्या बाबतीत सोबत क्रियापद आहे, 'बनवलं'. मग प्रश्न सुटला? नाही. ते अक्षर काचेवर कुणी लिहिलेलं नाही, ते साच्यात कोरलेलं आहे, आणि साच्यात उलटं. म्हणजे 'एनियननं बनवलं' हे वाक्य साचा तयार झाला त्या क्षणी लिहून झालं. पुढं त्या साच्यात कुणीही फुंकलं, मालकानं, नोकरानं, गुलामानं, साचा विकत घेतलेल्या दुसऱ्या गावच्या माणसानं, तरी प्रत्येक भांडं तेच वाक्य बोलणार.

तेव्हा 'बनवलं' याचे निदान तीन अर्थ संभवतात. एनियननं साच्याचा मूळ नमुना घडवला. किंवा कारखाना एनियनचा होता. किंवा एनियन स्वतः फुंकणारा होता. एकच माणूस तिन्ही असू शकतो, तीन वेगळी माणसंही असू शकतात. ग्रीक मातीच्या भांड्यांचे अभ्यासक हा घोळ जुन्या काळापासून ओळखून आहेत. तिथं काही भांड्यांवर 'रंगवलं' आणि 'बनवलं' अशी दोन क्रियापदं वेगवेगळ्या नावांसोबत येतात, आणि 'बनवलं' म्हणजे कुंभार की कारखान्याचा मालक, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. काचेच्या बाबतीत साचा मध्ये येतो, म्हणून हा प्रश्न तिथल्याहून अवघड.

माझी तक्रार आहे ती 'उस्ताद' या शब्दाशी. उस्ताद म्हटलं की डोळ्यांसमोर भट्टीपुढं बसलेला, फुंकनळी ओठाला लावलेला एक माणूस येतो. पण या भांड्यांत जे कौतुकास्पद आहे, नक्षीची मांडणी, लपवलेले सांधे, अक्षरांची चौकट, ते सगळं साचा घडवणाऱ्याचं कसब आहे. फुंकणाऱ्याचं कसब वेगळं: काच किती तापलेली हवी, फुंक किती जोरात, साचा कधी उघडायचा. एका नावाखाली दोन कसबं आली आणि त्यातलं एक बिननावाचं राहिलं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसांची नोंद कुठल्याच चौकटीत नाही. निदान आपण ती पुसायला हातभार लावू नये.

मग हे नाव निरुपयोगी का? मुळीच नाही. ते तळाखाली लपवलेलं नाही, अंगावर, दिसेल अशा जागी आहे. दुसरी चौकट थेट गिऱ्हाइकाशी बोलते. ज्यानं हा साचा करवला त्याला वाटत होतं की या नावामुळं माल उठेल. एवढं म्हणायला पुरावा आहे, आणि हे काही थोडं नाही. साच्याच्या काचेमुळं एकच नक्षी, एकच नाव, पुन्हा पुन्हा काढता येऊ लागलं, आणि बाजारात नावाला किंमत आली.

ठिकाण: सगळ्यात लहान शब्द, सगळ्यात कच्चा

आता 'सिदोन'. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं शहर. रोमन लेखक प्लिनी काचेसाठी त्याचं नाव घेतो. पण एनियनच्या सहीत सिदोन हा शब्द नाही. तो आला कुठून?

आर्तास नावाचा दुसरा एक काचवाला होता. त्याचा शिक्का पेल्यांच्या कानांवर मिळतो, ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत, आणि तो स्वतःला सिदोनचा म्हणवतो. दोघंही नाव घालतात, काळ साधारण एक, म्हणून एनियनही सिदोनचा, असा हा उसना पत्ता आहे. त्यातही गंमत बघा. आपल्या आडनावांतला '-कर' आठवा. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यात कुणी सातारकर म्हणत नाही. गाव सोडलं की गाव आडनावात येतं. आर्तासचे शिक्के इटलीतही सापडतात. 'सिदोनचा' ही कारखान्याची जागा असेल, मालकाचं मूळ गाव असेल, किंवा नुसती चांगल्या मालाची खूण असेल.

डोनाल्ड हार्डन यांनी १९३५ साली 'जर्नल ऑफ रोमन स्टडीज'मध्ये साच्यातल्या अक्षरांच्या काचभांड्यांवर लेख लिहिला. विखुरलेल्या भांड्यांची त्यांनी यादी केली, साच्यांप्रमाणं गट पाडले. या विषयावर काम करणारा प्रत्येक जण आजही त्या यादीच्या खांद्यावर उभा आहे. पण यादीसोबत एक कथाही रुजली: एनियनच्या सुरया पूर्वेकडं मिळतात, पेले बरेचसे उत्तर इटलीत, म्हणजे एनियन आधी सिदोनला होता आणि नंतर धंदा घेऊन इटलीत गेला, किंवा तिथं शाखा काढली.

यादी आणि कथा, दोन्ही वेगवेगळ्या तोलायला शिका. नकाशावरचे ठिपके भांडं शेवटी कुठं पोचलं ते दाखवतात. ते कुठं घडलं हे त्यांना माहीत नसतं. पेले इटलीत जास्त मिळतात याची कारणं अनेक असू शकतात: तिथल्या लोकांना पेले आवडत होते, व्यापाऱ्यांनी तिकडं पेलेच पाठवले, तिथं भांडी कबरीत ठेवायची रीत असल्यामुळं ती टिकली, किंवा तिथं खोदकाम जास्त झालं. ग्लॅडिएटर आणि रथांच्या शर्यती असलेल्या साच्याच्या पेल्यांचंही हेच. ते गॉल, ब्रिटन, स्वित्झर्लंड अशा वायव्येकडच्या भागांत मिळतात. पण कोल्चेस्टर आणि विंडोनिसा ही ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या खोदली गेली आहेत, हे त्या नकाशात दिसत नाही. ठिपक्यांचा नकाशा थोडासा उत्खनन करणाऱ्यांचाही नकाशा असतो.

'मग प्रयोगशाळेत पाठवू, रसायनशास्त्र सांगेल,' असं तुम्ही म्हणाल. सांगेल, पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर. रोमन काळात कच्ची काच करणं आणि भांडी करणं हे दोन वेगळे धंदे होते. वाळू आणि इजिप्तचा नॅट्रॉन क्षार वितळवून काचेच्या मोठ्या लाद्या पाडायच्या त्या पूर्व किनाऱ्यावर आणि इजिप्तमध्ये. त्या फोडून ढेकळं जहाजानं गावोगावच्या कारखान्यांकडं जायची. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ एंबिए बेटापाशी बुडालेल्या एका रोमन जहाजात अशी कित्येक टन कच्ची काच मिळाली. आपल्याकडच्या किनाऱ्याचीही यात साक्ष आहे: 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे, आणि त्याच बंदराच्या पाठच्या मुलुखातली बाजारपेठ म्हणून पैठण आणि तेर यांची नावं आहेत. काच ढेकळांच्या रूपात इतकी लांब फिरत होती. त्यावर फुटक्या काचेची भंगारखरेदी होतीच. रोममध्ये गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेणारा फेरीवाला कवी मार्शलच्या लेखनात भेटतो. तेव्हा पेल्याच्या काचेचं पृथक्करण वाळू कुठली ते सांगेल, भंगाराची भेसळ किती तेही सुचवेल. साच्यात फुंक कुठं मारली, ते नाही.

ठिकाणाचा बरा पुरावा कसा असतो? ऑस्ट्रियात लिंझ इथं सापडलेल्या बाटल्यांच्या तळांवर साच्यातून उमटलेला लॅटिन मजकूर आहे. सेंटिया सेकुंडा अक्विलेयात काच बनवते, असं तो सांगतो. नाव (बाईचं!), क्रियापद, वस्तू आणि गाव, सगळं एका ओळीत. सापडलं लिंझला, घडलं इटलीतल्या अक्विलेयाला. ठिपका एकीकडं आणि कारखाना दुसरीकडं, हे इथं वस्तूच सांगते. 'काच' हा शब्दही महत्त्वाचा. तो नसता तर हे नाव बाटलीचं की बाटलीतल्या मालाचं, असा वाद उरला असता. फ्राँटिनस नावाच्या बाटल्यांबद्दल तो उरलेलाच आहे. तरीही सेंटिया सेकुंडा मालकीण होती की स्वतः कारागीर, हा प्रश्न इथंही शिल्लक आहेच.

एनियन पूर्वेकडचा होता असं मलाही वाटतं, पण माझा भर ठिपक्यांवर नाही. 'आठवण राहो' ही शब्दयोजना सीरिया आणि नबातियन मुलखातल्या शिलालेखांत पदोपदी भेटते. ज्या बाजारासाठी ही चौकट लिहिली गेली तिथल्या गिऱ्हाइकाला ही भाषा ओळखीची असणार. हा पुरावा भांड्याच्या अंगावर आहे. तोही 'सिदोन'पर्यंत पोचत नाही, 'पूर्वेकडची परंपरा' इथपर्यंतच आणून सोडतो. तिथंच थांबावं.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय ताम्रपट असो, शाहिरी असो की सहकारी संस्था, लिटरेचर रिव्ह्यू करताना एक करा. ज्या वाक्यावर तुमचा थीसिस उभा राहणार आहे ते वाक्य कागदावर घ्या, त्यातले दावे सुटे करा आणि प्रत्येकापुढं लिहा:

१. हे वस्तूवर किंवा मूळ कागदावरच दिसतं का?
२. हे सापडलेल्या जागेवरून ठरलंय का? ती जागा कुणी नोंदवली?
३. हे प्रयोगशाळेनं सांगितलंय का? सांगितलेलं उत्तर आपल्याच प्रश्नाचं आहे ना?
४. की हे आधीच्या अभ्यासकाचं अनुमान आहे, आणि पुढच्यांनी ते उचललं?

चौथ्या प्रकारचे दावे वाईट नसतात, त्यांच्याशिवाय संशोधन पुढं जात नाही. घोळ होतो तो अनुमानाचं लेबल झाल्यावर. १९३० च्या दशकातला एक अंदाज यादीत जातो, यादीतून कॅटलॉगमध्ये, कॅटलॉगमधून भिंतीवर, भिंतीवरून पाठ्यपुस्तकात, आणि एक दिवस तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात 'हे सर्वज्ञात आहे की' म्हणून येऊन बसतो. व्हायव्हाला कुणी 'कशावरून?' विचारलं की तिथं तुम्ही एकटे असता.

आपल्या नमुन्याच्या लेबलावर आता मी असं लिहीन: 'दोन कानांचा पेला. साच्यात फुंकलेली काच. बहुधा इ.स. पहिल्या शतकाचा पूर्वार्ध. साच्यात एनियनचं नाव. घडल्याचं ठिकाण: पूर्व भूमध्य परंपरेतलं, नक्की ठरलेलं नाही.' थोडं लांब झालं. पण यातला कुठला शब्द कशावर उभा आहे ते विचारलं, तर प्रत्येकाचं उत्तर देता येतं.